आणखी काही घेता का?

"आजी, याखेरीज आणखी काही घेता का?" डॉक्टरांनी विचारले आणि क्षणाचाही विलंब न लावता आत्याने उत्तर दिले, "काही नाही."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. तिच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी, एका लहानशा डबीत ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या हे मला पक्के ठाऊक होते, कारण बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहताना तिने त्यातली एक काडी दाढेखाली धरली होती आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली होती. तो मातकट गोडवा, आधी जिभेच्या टोकाला आणि मग घशात उतरून बराच वेळ रेंगाळणारा, माझ्याही तोंडात तेव्हा होता. तरीही तिचे उत्तर मला खोटे वाटले नाही. डॉक्टर औषधांबद्दल विचारत होते आणि ज्येष्ठमध हे काही आमच्या घरात औषधांत मोजले जात नव्हते. डॉक्टरांनी मान डोलावली, रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवली, जोडीला लघवी वाढवणारी एक गोळी लिहून दिली, आणि बाहेरच्या गर्दीतून वाट काढत आम्ही रिक्षात येऊन बसलो. एवढेच घडले. पण ते दोन शब्द पुढे कित्येक महिने मला सलत राहिले.

आत्या सांगलीत राहते. आतोबा मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, आणि ते गेल्याला बारा वर्षे झाली तरी त्यांच्या जुन्या लोखंडी पेटीचे झाकण उघडले की हळदीचा तो कोरडा, किंचित कडसर वास अजूनही वर येतो. लहानपणी सुट्टीत आले की ते मला हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगत. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या खोल कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते, आणि पेव उघडायचे झाले की कुणीही लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळे करून आधी वारा खेळू द्यायचा, मग कंदील दोरीने आत सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणसाने पाय ठेवायचा, असे ते सांगत. "बंद राहिलेल्या जागेतली हवा माणसाला कळत नाही," हे त्यांचे वाक्य मला त्या वयात फार भीतिदायक वाटायचे. 2005 आणि 2019 च्या महापुरांनी त्या पेवांचे फार नुकसान केले. पण आत्याच्या मनात सांगली म्हणजे अजूनही तीच, पेवांत हळद भरलेली सांगली आहे.

तिला पेन्शन नाही. ठेवींचे व्याज येते, मुलगा दरमहा काही पाठवतो आणि ती ते मोजून वापरते. दवाखान्याची एक फेरी म्हणजे डॉक्टरांची फी, जाण्यायेण्याची रिक्षा, सांगितलेली तपासणी आणि गोळ्या. या सगळ्याची बेरीज तिच्या आठवड्याच्या भाजी-दुधापुढे जाते. उलट काष्ठौषधीच्या दुकानातून वीस-तीस रुपयांचे ज्येष्ठमध आणले की महिनाभर घशाला आराम पडतो. त्यासाठी कुणाची वेळ घ्यावी लागत नाही, कुणासमोर दोन तास बसावे लागत नाही, आणि पाठीमागे नंबर ताटकळत असताना आपले दुखणे दोन वाक्यांत उरकावे लागत नाही. माणसे घरगुती उपायांकडे वळतात ती अडाणीपणामुळे, असे सहज म्हटले जाते, पण मला ते कधीच पटलेले नाही. स्वतःच्या शरीराची थोडीफार सत्ता स्वतःच्या हातात राहावी, परवडेल अशा पैशांत राहावी, ही इच्छा फार समंजस आहे. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला येऊन राहिले आणि तिथे निसर्गोपचाराचे काम उभे राहिले, त्यामागेही हाच विचार होता. पुण्यातल्या निसर्गोपचार केंद्रात खेड्यातला गरीब माणूस येऊ शकत नाही, तेव्हा माती, पाणी, ऊन आणि साधा आहार एवढ्यावर चालणारा उपचार त्याच्याकडे गेला पाहिजे, असे त्यांना वाटले.

म्हणून आत्याच्या डबीवर माझा राग कधी नव्हता आणि आजही नाही.

पुढचे तीन महिने मात्र वाईट गेले. तिच्या पावलांवर सूज येऊ लागली. संध्याकाळी चपलेचा पट्टा काढला की त्याची खूण बराच वेळ तशीच राहायची. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. ती फोनवर सांगायची, "अगं, जिना चढताना पाय माझे नाहीतच असं वाटतं." रक्तदाब खाली येत नव्हता. कोरडा खोकला तर होताच, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर, घशात कुणी पिसाने गुदगुल्या कराव्यात तसा. त्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्यांच्या जोडीला आता त्याची पूडही आली होती. सकाळी आणि रात्री चमचाभर पूड गरम पाण्यात, आणि अधूनमधून काडी. अखेर एका पहाटे तिला चक्कर आली, शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले आणि रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम 2.9 निघाले. ते 3.5 च्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. मी दुपारी पोहोचले तेव्हा तिच्या हाताला सलाईन होते आणि ती माझ्याकडे अपराध्यासारखी पाहत होती, जणू काही आजारी पडून तिने मला रजा टाकायला लावली होती.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टर मुलगी फेरीवर आली. तिच्या हातात तोच प्रश्न होता, पण तिने तो वेगळ्या रीतीने विचारला. स्टूल ओढून ती कॉटजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुमच्या तोंडात काय काय जातं, ते सगळं मला सांगा. चहासुद्धा सांगा." आणि आत्या सांगू लागली. उठल्यावर कोमट पाणी, मग चहा, मग रक्तदाबाची गोळी, नाश्त्यानंतर कधी ओवा, दुपारी जेवणात ताक आणि तळलेली सांडगी मिरची, संध्याकाळी तुळस-आल्याचा काढा, झोपताना हळदीचे दूध. "आणि खोकल्याला ज्येष्ठमध," ती शेवटी म्हणाली. किती दिवस, असे डॉक्टरांनी विचारले. "झाले की पाच-सहा महिने." आणि खोकला कधीपासून आहे? आत्याने छताकडे पाहत हिशेब केला. "ती प्रेशरची नवी गोळी सुरू झाली ना, त्यानंतर दोनएक आठवड्यांनी." लिहिता लिहिता त्या मुलीचा हात थांबला.

तिने जे समजावून सांगितले ते मी त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा मनात लावून पाहिले. आत्याला दिलेली गोळी एनालाप्रिलच्या जातीची होती. चांगली, स्वस्त, जगभर वापरली जाणारी गोळी. पण ती घेणाऱ्या दहांतल्या एखाद्याला, आणि स्त्रियांना अधिक, कोरडा खोकला होतो. गोळी बंद केली की तो काही आठवड्यांत जातो. खोकला गोळीचा आहे हे आत्याला कुणी सांगितले नव्हते, आणि खोकल्यासारखी क्षुल्लक गोष्ट रक्तदाबाच्या डॉक्टरांना सांगायची असते हे तिला सुचले नव्हते. तिने त्यावर ज्येष्ठमध सुरू केले. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्या शरीरातले कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात पोहोचले की तिथले एक विकर त्याला निष्प्रभ करते. ग्लिसिरायझिन त्या विकराचे काम अडवते. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटते आणि मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला व पोटॅशियम टाकून द्यायला लावते. म्हणून सूज, म्हणून गोळे, म्हणून चढता रक्तदाब. रक्तदाब चढला म्हणून गोळी वाढली, गोळी वाढली तरी खोकला होताच, तेव्हा ज्येष्ठमध वाढले. वरून लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही पोटॅशियम बाहेरच टाकले. एक वर्तुळ पूर्ण झाले होते. त्याच्या एका टोकाला दवाखाना होता, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि मध्ये ते दोन शब्द.

आणि मध्ये मी होते, तोंडात ज्येष्ठमधाची चव घेऊन गप्प बसलेली.

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. डॉक्टरांवर म्हणावे, तर त्यांनी विचारले तरी होते. दिवसाला शंभर माणसे तपासणाऱ्या किती जणांना तेवढेही सुचते? आत्यावर म्हणावे, तर तिच्या त्या उत्तरात फसवणूक नव्हती. थोडी भीती होती. पूर्वी एकदा तिने एका दवाखान्यात काढ्याचे नाव काढले, तेव्हा "हे असले उद्योग बंद करा" असे सगळ्यांदेखत ऐकून घेतले होते. त्यानंतर ती शहाणी झाली आणि बोलायचे थांबली. पण भीतीहून अधिक त्यात एक जुना समज होता, की डबीतले ते औषध नव्हेच, आपले घरचे आहे, त्याने बरे वाटते पण वाईट काही होत नाही. हा समज मला आता फार विचित्र वाटतो. ज्याने बरे वाटण्याइतका परिणाम होतो, त्याने वाईट होण्याइतका परिणाम का होऊ नये? ज्येष्ठमधाला निरुपद्रवी म्हणणे ही त्याची स्तुती नाही. त्या मुळीत काही ताकदच नाही, असे म्हणण्यासारखे ते आहे.

ताकद आहे हे तर हॉलंडमधल्या एका डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाहिले होते. रेव्हर्स त्यांचे नाव. तिथल्या लोकांत ज्येष्ठमधाचा अर्क पोटाच्या व्रणावर घेतला जाई; रेव्हर्स यांनी रुग्णांना तो देऊन पाहिला आणि 1946 च्या सुमारास नोंदवले की व्रण भरतात, पण साधारण पाचांतल्या एकाच्या अंगावर सूज येते. पुढे ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधातल्याच द्रव्यापासून व्रणावरचे औषध तयार झाले, आणि त्याचाही दुष्परिणाम नेमका तोच होता. म्हणजे आत्याच्या पावलांवरची सूज नवी नव्हती. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी ती बोटाने दाबून पाहिली होती, आणि गुण आणि दोष दोन्ही एकाच कागदावर लिहिले होते. एवढे साधे काम आपल्याकडे होत नाही, याचे मला खरे दुःख आहे. आपण गुणांची यादी एका भिंतीवर लावतो आणि दोषांची दुसऱ्या.

आणि दवाखान्यातली गोळी तरी कुठून आली? एनालाप्रिलच्या कुळाची कथा ब्राझीलच्या जंगलात सुरू होते. तिथल्या एका विषारी सापाच्या दंशाने माणसाचा रक्तदाब कोसळतो. 1960 च्या दशकात तिथल्याच सेर्जिओ फेरेरा या औषधशास्त्रज्ञाने त्या विषातला असा अंश वेगळा केला, जो शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा परिणाम वाढवतो; त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल आणि मग एनालाप्रिल निघाले. आणि आत्याचा खोकलाही, जाणकारांच्या मते, त्याच ब्रॅडिकायनिनच्या साठण्यामुळे. आपल्याकडचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. सर्पगंधेची मुळी वैद्य आणि गावकरी पिढ्यानपिढ्या वापरत आले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम आपल्या रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासून 1949 मध्ये ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला, आणि तीनच वर्षांत तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. त्या मुळीने रक्तदाब उतरतो, आणि मात्रा वाढली तर मनही उतरते, हेही पुढे कळले. एक मुळी रक्तदाब चढवणारी, एक उतरवणारी, आणि दोन्ही एकाच दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. दुकानदार त्या मागितल्याप्रमाणे कागदात बांधून देतो. मग घरचे कोणते आणि औषध कोणते, ही सीमारेषा कुठे आखायची?

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याने मला जो प्रश्न विचारला त्याने माझे सगळे वाचन थिटे पडले. ती देवघरासमोर बसून वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आईचं सगळं चुकीचंच होतं का गं?"

तिची आई म्हणजे माझी आजी. तिचा बटवा खरोखरच बटवा होता, विटलेल्या जांभळ्या खणाचा, आणि त्याच्या शेजारी फडताळात असायची सहाण. आळीत कुणाकडे बाळंतपण झाले की आजीला घुटी उगाळायला बोलावणे यायचे. मी तिच्या बाजूला बसून पाहायची. हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. एकेक जिन्नस उचलायची, सहाणेवर दुधाचे थेंब टाकायची आणि ओठांतल्या ओठांत मोजत उगाळायची. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. जायफळाचा अर्धा वळसा, नाहीतर मूल गुंगीत राहील. वेखंड एकच. खारीक आणि बदाम मात्र मोकळ्या हाताने. सहाणेवर एकेका रंगाची रेघ उमटायची, पिवळी, तपकिरी, पांढुरकी, आणि ओल्या दगडाचा, दुधाचा आणि वेखंडाचा उग्र असा तो एकत्र वास दुपारभर पडवीत राहायचा. उगाळण्याआधी ती बाळाच्या आईला प्रश्न विचारायची. शी कशी झाली? रात्री किती वेळा उठला? तू स्वतः काल काय खाल्लेस? उत्तरांप्रमाणे वळसे कमीजास्त व्हायचे. आणि एकदा, मला चांगले आठवते, तिने एका बाळाच्या टाळूवरून हात फिरवला, डोळ्यांकडे पाहिले, सहाण बाजूला सरकवली आणि बाळाच्या आजोबांना म्हणाली, "हे माझं काम नाही. टांगा बोलवा, दवाखान्यात न्या." टाळू खोल गेली होती.

हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती वाती वळायची थांबली. आजी खोकल्याला ज्येष्ठमध द्यायची, पण किती? दोन वळसे मधातून, तीन दिवस. तीन दिवसांत गेला नाही तर खोकला साधा नाही, असे ती म्हणायची. सहाणेवर उगाळून निघणारे ज्येष्ठमध म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढे. आत्या सहा महिने घेत होती, आधी काड्या आणि मग पाकिटातली पूड चमच्याने. जिन्नस तोच, नाव तेच, श्रद्धाही तीच. मात्रा मात्र मधल्या पन्नास वर्षांत कुठेतरी गळून पडली होती. बटवा आपल्यापर्यंत पोहोचला आणि वळसे पोहोचले नाहीत, असे मला तेव्हा वाटले. दगडावर हाताने उगाळण्यात एक नैसर्गिक कंजुषी होती, मनगट दुखायचे, म्हणून माणूस थांबायचा. यंत्राने दळलेल्या पुडीला तसा थांबा नाही. आजीचे सगळेच बरोबर होते असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. तान्ह्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून क्वचित का होईना जीवघेणी विषबाधा होते, हे तिला माहीत नव्हते आणि आज आपल्याला माहीत आहे. वेखंडाबद्दलही आज अधिक सावध राहावे लागते. पण मोजणे, विचारणे आणि सहाण बाजूला सारणे, या तिच्या तीन सवयींत मला आजही काही खोट दिसत नाही.

घरच्या घरी आणि जवळजवळ फुकट करता येण्याजोग्या उपचारांत सर्वांत मोठा कोणता, असे मला कुणी विचारले तर मी मीठ-साखर-पाण्याचे नाव घेईन. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचे मोजून मिश्रण करवले, पाण्यात कालवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आया, बहिणी, नवरे वाटीवाटीने पाजत बसले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. आतड्यातून मीठ आत जाताना साखरेचा हात धरून जाते आणि त्या दोघांच्या मागे पाणी जाते, एवढेच त्यामागचे विज्ञान. पण त्यातही प्राण मोजमापात आहे. लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक झाले तर तेच पाणी बाळाला अपाय करते. महालनबीस 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आजीला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ घातलेली तांदळाची पेज ती का पाजत होती, हे मला त्यांच्यामुळे कळले.

करोनाच्या काळात याच्या अगदी उलट घडताना आपण सर्वांनी पाहिले. कुंपणावरची गुळवेल एका रात्रीत तारक झाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या कडुलिंबावर चढलेला वेल लोकांनी मुळापर्यंत ओरबाडून नेला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेले नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते, असे म्हटले. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलत होते. मला मात्र तो आक्षेप वाचून अधिकच काळजी वाटली. सारखा दिसणारा दुसरा वेल असेल, तर कुंपणावरून ओरबाडणाऱ्या माझ्या शेजाऱ्याने तो ओळखायचा कसा?

ज्येष्ठमध गेले तेव्हा आत्याच्या दिवसात एक पोकळी पडली. गोळी बदलून दिली होती, खोकला महिन्याभरात विरला, सूज उतरली, तिसऱ्या आठवड्यापासून रक्तदाबही खाली येऊ लागला. तरी दुपारी तिचा हात सवयीने पिशवीतल्या डबीकडे जायचा. तिने डबी फेकली नाही. तीत आता बडीशेप आहे. मी तिला रक्तदाब मोजायचे यंत्र आणून दिले. त्याला झालेला खर्च तिला पटला नाही, पण ते वापरण्याची शिस्त तिने आजीच्याच निष्ठेने उचलली. चहानंतर अर्धा तास थांबायचे, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसायचे, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा, आणि आलेला आकडा दुधाच्या वहीत मागच्या बाजूने लिहायचा. मीठ ही तिची खरी लढाई ठरली. दिवसाला एकंदर पाच ग्रॅमच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरात तेवढे तर लोणच्याच्या फोडी आणि सांडग्या मिरचीतच जात असेल. एका दुपारी तिने बरणीवरचे फडके सोडले, मिरच्यांचा तो आंबूस, उन्हाचा वास घेतला आणि पुन्हा बांधून टाकले. मला ते पाहवले नाही. पण यंत्राचा आकडा दोन आठवड्यांनी उतरला, तो तिने स्वतः लिहिला, आणि त्या आकड्याशेजारी "मिरची बंद" असेही लिहिले. कुणी सांगितले म्हणून तिने सोडली नव्हती. तिने स्वतः पाहिले होते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि दाबमापकांनी तपासायला घेतले, ती गोष्ट मला शाळेपासून आवडते. आत्याची ती दुधाची वही मला त्याच घराण्यातली वाटते.

संध्याकाळी ती आता कृष्णेच्या घाटाकडे चालायला जाते. झोपताना काशाच्या वाटीने तळपाय घासते. त्याने रक्तदाब उतरतो की नाही हे मी तिला विचारत नाही. तूप, काशाचा थंड स्पर्श, तळव्यावर हळूहळू धरणारी काळपट कळा आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर येणारी स्वस्थता मी पाहिली आहे. ही गोष्ट मोजायची आहे असे मला वाटत नाही. हळदीचे दूध तिने चालू ठेवले आहे, चिमूटभर मिरपूड घालून. मिऱ्यातल्या पिपरिनमुळे हळदीतले कुरकुमिन रक्तात कितीतरी पट अधिक उतरते, हे बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले होते. मात्र तेच मिरे इतर काही औषधांनाही तसेच आत येऊ देते, म्हणून दुधातले मिरेही तिने वहीत लिहून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात मी तिला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेरचे बाक तेच, गर्दी तीच, भिंतीवरच्या पंख्याचा आवाजही तोच. आत गेल्यावर त्यांनी रक्तदाब मोजला, समाधानाने मान हलवली आणि लिहिता लिहिता, सवयीने, विचारले, "आणखी काही घेता का, आजी?" आत्याने माझ्याकडे पाहिले. मग पिशवीतून दुधाची वही काढली, ती उलटी करून मागचे पान उघडले आणि चष्मा लावला. डॉक्टरांनी दाराकडे एकदा पाहिले, बाहेर बरेच जण थांबले होते. मग त्यांनी पेन खाली ठेवले. "सकाळी कोमट पाणी," ती वाचू लागली. "मग चहा, बिनसाखरेचा नाही. मग तुमची गोळी. नाश्त्यानंतर ओवा, आठवड्यातून दोनदा, पोट जड वाटलं तर."

"किती ओवा?" डॉक्टरांनी विचारले.

"चिमूटभर."

"चिमूटभर म्हणजे किती?"

आत्याने वही मांडीवर ठेवली, उजवा हात टेबलावर पुढे केला आणि अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकत्र जुळवून दाखवले.